भूगोठण (बोगदा बांधकाम)

भूगोठण ही पाण्याने भरलेली सैल किंवा अस्थिर जमीन तात्पुरती गोठवून तिला कठीण व जलाभेद्य बनवण्याची स्थापत्य अभियांत्रिकीतील पद्धत आहे. जमिनीत ठरावीक अंतरावर नळ्या बसवून त्यांतून अतिशीत द्रव खेळवला जातो. नळ्यांभोवतीच्या मातीतील पाण्याचा बर्फ होतो आणि मातीचे कण त्या बर्फाने एकमेकांस जखडले जातात. अशा रीतीने तयार झालेल्या हिमभिंतीच्या आडोशाने बोगदा, कूपक (उभी विहीर) किंवा दोन बोगद्यांना जोडणारा जोडबोगदा खोदतात. कायमस्वरूपी काँक्रीटचे अस्तर पूर्ण झाल्यावर शीतकरण थांबवले जाते व जमीन हळूहळू पूर्ववत वितळते. इंग्रजीत या पद्धतीला ‘ग्राउंड फ्रीझिंग’ म्हणतात.

सिमेंट किंवा रसायने जमिनीत भरण्याच्या पद्धतींहून भूगोठण एका बाबतीत वेगळे आहे. यात जमिनीत कोणताही नवा पदार्थ मिसळला जात नाही. जे पाणी खोदकामाचा शत्रू असते, त्याच पाण्याचा बांधकाम साहित्य म्हणून उपयोग केला जातो. मात्र हिमभिंत केवळ शीतकरण चालू असेपर्यंतच टिकते. त्यामुळे या पद्धतीत चूक झाल्यास तिचे परिणाम अल्पावधीत गंभीर होऊ शकतात.

## पार्श्वभूमी

भूजलपातळीच्या खाली बोगदा खोदताना दोन अडचणी एकाच वेळी उभ्या राहतात. पहिली, सैल माती स्वतःच्या आधाराने उभी राहत नाही. दुसरी, पाणी खोदलेल्या पोकळीकडे धाव घेते आणि येताना मातीचे बारीक कण सोबत आणते. कण वाहून गेल्याने बोगद्याच्या वर पोकळी निर्माण होते व अखेरीस भूपृष्ठ खचते. बारीक वाळू आणि गाळमाती यांत हा धोका सर्वाधिक असतो. पाण्याच्या दाबाखाली असे थर घट्ट द्रवासारखे वाहू लागतात.

यावर उपाय म्हणून पाणी उपसून भूजलपातळी खाली नेणे, संकुचित हवेने पाणी रोखणे, सिमेंट किंवा रासायनिक द्रावणांचे ग्राउटिंग करणे, अथवा दाब संतुलित ठेवणारे बोगदा खणन यंत्र वापरणे असे पर्याय उपलब्ध आहेत. पाणी उपसल्यास आसपासची चिकणमाती दबून इमारती खचू शकतात. संकुचित हवेत काम करणाऱ्या मजुरांना दाबजन्य आजारांचा धोका असतो. ग्राउटिंग मातीच्या प्रत्येक छिद्रापर्यंत पोहोचेलच असे नाही. विशेषतः बारीक कणांच्या मातीत सिमेंटचे द्रावण शिरतच नाही. उष्णतेचे वहन मात्र वाळू, गाळ, चिकणमाती, दगडगोटे, भरावातील जुने लाकूड अशा सर्व पदार्थांतून होते. त्यामुळे जेथे थर एकसारखे नसतात, तेथे भूगोठण इतर पद्धतींपेक्षा अधिक खात्रीचे ठरू शकते.

## इतिहास

खोदकामासाठी जमीन कृत्रिमरीत्या गोठवण्याचा पहिला ज्ञात प्रयोग १८६२ मध्ये साउथ वेल्समधील स्वान्झी येथे खाणीच्या कूपकासाठी झाला. जर्मन अभियंता फ्रीडरिख हेरमान पोएच यांनी या पद्धतीला व्यवस्थित रूप देऊन १८८३ मध्ये तिचे पेटंट घेतले. एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांतून थंड खारे द्रावण फिरवण्याची त्यांची कल्पना आजही मूळ स्वरूपात वापरली जाते. सुरुवातीला कोळसा, मीठ व पोटॅशच्या खाणींचे खोल कूपक हेच या पद्धतीचे प्रमुख क्षेत्र होते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात पोटॅशच्या थरांवर असलेली जलयुक्त ब्लेअरमोर स्तरमाला ओलांडण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यास गोठणाचा आधार घेण्यात आला.

१९३० च्या दशकात मॉस्को मेट्रोच्या बांधकामात सरकत्या जिन्यांचे तिरपे बोगदे खोदण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. पुढे लेनिनग्राड (सध्याचे सेंट पीटर्सबर्ग), झुरिच, नेपल्स आणि बर्लिन येथील भुयारी मार्गांतही तिचा उपयोग झाला. अमेरिकेतील बॉस्टन शहरात, चालू रेल्वेमार्गांखालून महामार्गाचे बोगदे ढकलून बसवताना जुना भराव, लाकडी खांब व दगडी भिंती यांनी भरलेली जमीन गोठवण्यात आली. वरून रेल्वे वाहतूक चालूच राहिली. बर्लिनमध्ये यू-५ मार्गावरील म्यूझियम्सइन्झेल स्थानक स्प्रे नदीच्या कालव्याखाली गोठवलेल्या जमिनीत खोदण्यात आले व ते २०२१ मध्ये खुले झाले.

बोगद्यांखेरीज इतर कामांतही हे तंत्र वापरले जाते. जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात भूजल अणुभट्ट्यांच्या इमारतींकडे जाऊ नये म्हणून सुमारे १.५ किमी लांबीची व सुमारे ३० मीटर खोल हिमभिंत उभारण्यात आली. तिचे गोठण २०१६ मध्ये सुरू झाले. कॅनडातील सिगार लेक येथील युरेनियमच्या खाणीत धातुकाचा थर काढण्यापूर्वी गोठवला जातो.

## कार्यतत्त्व

### हिमभिंतीची निर्मिती

गोठणनळी ही खालच्या टोकाला बंद असलेली पोलादी नळी असते. तिच्या आत दुसरी बारीक नळी तळापर्यंत सोडलेली असते. थंड द्रव आतल्या नळीतून खाली जातो आणि दोन नळ्यांमधील मोकळ्या जागेतून वर परत येतो. वर येताना तो सभोवतालच्या जमिनीतील उष्णता शोषून घेतो. प्रत्येक नळीभोवती गोठलेल्या मातीचा एक स्तंभ तयार होतो व दिवसेंदिवस त्याचा व्यास वाढत जातो. शेजारचे स्तंभ एकमेकांना भिडले की सलग भिंत तयार होते. नळ्यांमधील अंतर सामान्यतः १ मीटरच्या आसपास ठेवतात.

हे अंतर फार महत्त्वाचे असते, कारण स्तंभ जुळण्यास लागणारा काळ स्थूलमानाने अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४० मीटर लांबीचे छिद्र पाडताना दिशेत १ टक्का चूक झाली, तर नळीचे टोक ४० सेंमी बाजूला सरकते. शेजारच्या दोन नळ्या विरुद्ध दिशांना इतक्याच सरकल्या, तर टोकाजवळचे अंतर १ मीटरऐवजी १.८ मीटर होते आणि तेथे भिंत जुळण्यास तिपटीहून अधिक वेळ लागतो. म्हणून प्रत्येक छिद्राची दिशा मोजून नोंदवली जाते आणि आवश्यक तेथे जादा नळी बसवली जाते.

### उष्णतेचा हिशेब

जमीन गोठवताना बहुतांश ऊर्जा मातीचे तापमान उतरवण्यात खर्च होत नाही. पाण्याचा बर्फ होताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता काढून घेण्यासाठी तिचा मोठा वाटा लागतो. १ किलोग्रॅम पाणी ० °से. तापमानाला गोठताना सुमारे ३३४ किलोजूल उष्णता सोडते. ३५ टक्के सच्छिद्रता असलेल्या, पाण्याने पूर्ण भरलेल्या १ घनमीटर वाळूत ३५० किलोग्रॅम पाणी असते. केवळ त्याचा बर्फ करण्यासाठी सुमारे ११७ मेगाजूल उष्णता काढावी लागते.

जमिनीचे मूळ तापमानही विचारात घ्यावे लागते. काही मीटर खोलीवरील जमिनीचे तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळ असते. मध्य युरोपात ते १० °से. च्या आसपास, तर उत्तर कोकणात २७ °से. च्या आसपास असते. वरील १ घनमीटर वाळू १० °से. पासून −१० °से. पर्यंत नेण्यासाठी सुमारे १६५ मेगाजूल, तर २७ °से. पासून नेण्यासाठी सुमारे २१५ मेगाजूल उष्णता काढावी लागते. म्हणजे उष्ण प्रदेशात हेच काम जवळपास ३० टक्क्यांनी जड होते. शिवाय हिमभिंतीबाहेरची उबदार जमीन तिला सतत उष्णता पुरवत राहते, त्यामुळे भिंत टिकवून ठेवण्याचा खर्चही वाढतो.

### बळकटी

गोठलेल्या मातीची ताकद मातीचा प्रकार, पाण्याचे प्रमाण, तापमान आणि भाराचा कालावधी यांवर अवलंबून असते. −१० °से. तापमानाची जलसंपृक्त वाळू अल्पकाळासाठी सुमारे १० मेगापास्कलपर्यंत दाब सोसू शकते. चिकणमातीची ताकद त्यापेक्षा बरीच कमी असते. भार दीर्घकाळ राहिल्यास बर्फ हळूहळू विरूप होतो. या गुणधर्माला विसर्पण म्हणतात. म्हणून अभियंते आराखड्यात अल्पकालीन ताकदीच्या काही अंशाचाच हिशेब धरतात.

उदाहरणार्थ, ३० मीटर खोलीवर पाणी व माती यांचा मिळून आडवा दाब सुमारे ०.५ मेगापास्कल असेल आणि ३ मीटर त्रिज्येच्या बोगद्याभोवती १.५ मीटर जाडीचे हिमवलय असेल, तर वलयातील सरासरी दाबताण बाह्य त्रिज्या व जाडी यांच्या गुणोत्तरावरून सुमारे १.५ मेगापास्कल येतो. गोठलेली वाळू हा ताण सहज पेलू शकते. मात्र वलय एका ठिकाणी जरी तुटले, तरी कमानीसारखे काम करण्याची त्याची क्षमता नष्ट होते आणि त्या फटीतून पाणी आत शिरते. त्यामुळे जाडीइतकेच सलगपणाला महत्त्व असते.

## शीतकरणाचे प्रकार

### खाऱ्या द्रावणाची पद्धत

यात अमोनिया किंवा तत्सम शीतक वापरणाऱ्या संयंत्रात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण सुमारे −२५ ते −३५ °से. पर्यंत थंड केले जाते आणि गोठणनळ्यांतून बंद चक्रात फिरवले जाते. हिमभिंत तयार होण्यास सामान्यतः काही आठवडे लागतात. एकदा भिंत तयार झाली की ती कमी खर्चात महिनोन्‌महिने टिकवता येते. म्हणून मोठ्या व दीर्घ मुदतीच्या कामांसाठी ही पद्धत निवडली जाते. नळी फुटून खारे द्रावण जमिनीत मिसळल्यास तेथील पाण्याचा गोठणबिंदू उतरतो आणि तो भाग गोठवणे अवघड होते.

### द्रव नायट्रोजनची पद्धत

द्रव नायट्रोजन −१९६ °से. तापमानाला उकळतो. तो टँकरने आणून थेट नळ्यांत सोडला जातो व वायुरूपाने वातावरणात जाऊ दिला जातो. शीतकरण संयंत्र लागत नाही आणि काही दिवसांतच जमीन गोठते. −६० °से. ला बाहेर पडेपर्यंत १ किलोग्रॅम द्रव नायट्रोजन सुमारे ३४० किलोजूल उष्णता शोषतो. या हिशेबाने उत्तर कोकणातील १ घनमीटर वाळू गोठवण्यास किमान ६३० किलोग्रॅम नायट्रोजन लागेल. प्रत्यक्षात गळती व भोवतालची उष्णता यांमुळे तो अधिक लागतो. त्यामुळे ही पद्धत लहान, तातडीच्या किंवा आपत्कालीन कामांसाठी वापरली जाते. १ लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. तो विषारी नसला तरी बंदिस्त जागेत प्राणवायूचे प्रमाण घटवून काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करू शकतो. म्हणून भूमिगत कामात वायुवीजन आणि प्राणवायूमापक अनिवार्य असतात.

## कामाचे टप्पे

१. भूस्तर, भूजलाचा वेग, तापमान व क्षारता यांचे सर्वेक्षण.
२. भूपृष्ठावरून, कूपकातून किंवा आधी बांधलेल्या बोगद्यातून छिद्रे पाडणे, त्यांची दिशा मोजणे व गोठणनळ्या बसवणे.
३. तापमापक नळ्या व दाबमापके बसवणे.
४. सक्रिय गोठण: हिमभिंत तयार होईपर्यंत पूर्ण क्षमतेने शीतकरण.
५. भिंत सलग झाल्याची खातरजमा करणे.
६. खोदकाम, शॉटक्रीटचे तात्पुरते अस्तर आणि नंतर काँक्रीटचे कायम अस्तर. या काळात शीतकरण कमी प्रमाणात चालू ठेवले जाते.
७. शीतकरण बंद करणे, वितळण्याच्या काळात आवश्यक तेथे ग्राउटिंग करणे आणि नळ्या भरून बंद करणे.

पाचवा टप्पा निर्णायक असतो. वलय पूर्ण बंद झाले की आतील न गोठलेल्या गाभ्यातील पाण्याला बाहेर जाण्यास वाट उरत नाही. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढत असल्याने गाभ्यातील दाब स्पष्टपणे वाढू लागतो. हा दाब वाढला नाही, किंवा तपासणी छिद्र उघडल्यावर पाणी वाहतच राहिले, तर कुठेतरी खिडकी उरली आहे असा अर्थ घेतला जातो आणि खोदकाम सुरू केले जात नाही.

## मर्यादा

वाहते भूजल: भूजल वेगाने वाहत असेल तर ते सतत नवी उष्णता आणत राहते आणि शेजारचे हिमस्तंभ जुळू शकत नाहीत. खाऱ्या द्रावणाच्या पद्धतीसाठी भूजलाचा वेग दिवसाला सुमारे २ मीटरपेक्षा कमी असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. वेग अधिक असल्यास नळ्या जवळ बसवतात, आधी ग्राउटिंग करतात किंवा द्रव नायट्रोजन वापरतात.

खारे पाणी: समुद्राचे पाणी सुमारे −१.९ °से. ला गोठू लागते. बर्फाच्या स्फटिकात मीठ सामावत नसल्याने उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते आणि मातीत न गोठलेल्या खाऱ्या पाण्याचे कप्पे शिल्लक राहतात. परिणामी त्याच तापमानाला खाऱ्या मातीची ताकद गोड्या पाण्याच्या मातीपेक्षा कमी भरते.

भूउचल व खचणे: गाळमाती व चिकणमाती गोठताना भोवतालचे पाणी ओढून घेते, बर्फाचे थर साचतात आणि भूपृष्ठ वर उचलले जाते. वितळताना हीच माती मूळ पातळीहूनही खाली बसू शकते. त्यामुळे इमारती, रूळ व जलवाहिन्यांखाली काम करताना भूपृष्ठाच्या पातळीचे सातत्याने मापन केले जाते.

कोरडी जमीन: मातीत पुरेसे पाणी नसेल तर कणांना जोडणारा बर्फच तयार होत नाही. अशा ठिकाणी गोठणापूर्वी जमिनीत पाणी सोडावे लागते.

## उल्लेखनीय दुर्घटना

लेनिनग्राड, १९७४: लेनिनग्राड मेट्रोच्या लेस्नाया आणि प्लोश्चाद मूझेस्त्वा या स्थानकांदरम्यान एका पुरलेल्या प्राचीन नदीखोऱ्यातील जलयुक्त वाळू ओलांडायची होती. एप्रिल १९७४ मध्ये पाणी व वाहती वाळू बोगद्यांत घुसली. पुढे द्रव नायट्रोजनने जमीन गोठवून काम पूर्ण करण्यात आले आणि १९७५ च्या अखेरीस मार्ग सुरू झाला. गळती मात्र थांबली नाही. डिसेंबर १९९५ मध्ये हा भाग बंद करावा लागला. वेगळ्या मार्गाने नवे बोगदे बांधून २००४ मध्ये वाहतूक पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत शहराची एक मेट्रो मार्गिका सुमारे साडेआठ वर्षे दोन तुकड्यांत चालत होती.

शांघाय, २००३: शांघाय मेट्रोच्या मार्गिका ४ वर ह्वांगपू नदीकाठी दोन समांतर बोगद्यांना जोडणारा जोडबोगदा गोठवलेल्या जमिनीत खोदला जात होता. शीतकरणात बिघाड झाल्यानंतर १ जुलै २००३ रोजी पाणी व वाळू आत घुसली, बोगदे कोसळले आणि वरच्या इमारती कलल्या. लोकांना वेळीच हलवल्यामुळे जीवितहानी टळली. या भागाची पुनर्बांधणी होऊन मार्गिकेचे वर्तुळ २००७ च्या अखेरीस पूर्ण झाले.

राश्टाट, २०१७: जर्मनीतील कार्ल्सरूऽ–बाझेल या अत्यंत वर्दळीच्या रेल्वेमार्गाखालून बोगदा खणन यंत्र जात असताना वरची जमीन गोठवण्यात आली होती. १२ ऑगस्ट २०१७ रोजी बोगद्याचे अस्तर सरकले आणि रूळ खचले. पोकळी भरण्यासाठी यंत्रासह बोगद्याच्या एका भागात काँक्रीट ओतावे लागले. मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला व युरोपातील मालवाहतुकीला मोठा फटका बसला.

या घटनांतून काही सर्वमान्य दंडक पुढे आले. राखीव शीतकरण संयंत्र आणि स्वतंत्र वीजपुरवठा ठेवणे, तापमानाची अखंड नोंद करणे, आणि तापमान ठरावीक मर्यादेवर चढल्यास खोदकाम तत्काळ थांबवून तोंड बंद करण्याची पूर्वतयारी ठेवणे, हे त्यांपैकी प्रमुख होत.

## कल्याण–ठाणे परिसरातील भूस्थिती

कल्याण, डोंबिवली आणि ठाणे हा परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पारसिकच्या डोंगरासारख्या उंचवट्यांवर हा खडक उघडा पडलेला दिसतो. उल्हास नदी व खाडीच्या काठाने मात्र त्यावर सागरी चिकणमाती, गाळ व रेती यांचे थर साचलेले आहेत. या थरांखाली मुरूम व झिजलेला खडक आणि त्याखाली पक्का बेसाल्ट असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो.

खडकातून जाणाऱ्या बोगद्यांना गोठणाची आवश्यकता नसते. कळवा व मुंब्रा यांदरम्यानचा, सुमारे १.३ किमी लांबीचा पारसिक बोगदा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधला व तो १९१६ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ठाणे–कल्याण हा १८५४ चा मूळ लोहमार्ग डोंगराच्या पायथ्याने मुंब्र्याला वळसा घालून जातो. बोगद्यामुळे जलद गाड्यांना सरळ मार्ग मिळाला. डोंगराचा बेसाल्ट स्वतःचा भार पेलू शकत असल्यानेच त्या काळच्या साधनांनी हे काम शक्य झाले.

मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या वांद्रे–कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किमी लांबीच्या बोगद्याचा सुमारे ७ किमी भाग ठाणे खाडीखालून जातो. खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य व कांदळवने यांना धक्का लागू नये, हे येथे पुलाऐवजी बोगदा निवडण्याचे एक कारण आहे. यातील सुमारे १६ किमी बोगदा खणन यंत्रांनी, तर घणसोली ते शिळफाटा हा सुमारे ५ किमीचा भाग नव्या ऑस्ट्रियन बोगदा पद्धतीने योजलेला आहे. या दुसऱ्या भागाची दोन्ही टोके २० सप्टेंबर २०२५ रोजी एकमेकांना मिळाली. कल्याण–शीळ रस्त्यावरून येणाऱ्यांना परिचित असलेला शिळफाटा हे या भूमिगत मार्गाचे पूर्वेकडील टोक आहे.

खाडीकाठच्या गाळात खडकाच्या वरच्या पातळीवर एखादा कूपक किंवा जोडमार्ग खोदायचा झाल्यास भूगोठण हा एक तांत्रिक पर्याय ठरू शकतो. मात्र स्थानिक परिस्थितीमुळे त्याच्या आराखड्यात पुढील बाबी जमेस धराव्या लागतात:

* उल्हास व ठाणे खाडीतील पाणी निमखारे ते खारे असल्याने गोठणबिंदू उतरतो. द्रावणाचे तापमान अधिक खाली ठेवावे लागते.
* दिवसातून दोनदा येणाऱ्या भरती-ओहोटीमुळे काठाजवळील भूजलाची दिशा व वेग बदलत राहतो. म्हणून भूजलाचे मापन पूर्ण भरतीचक्रभर आणि उधाणाच्या दिवशीही करणे आवश्यक असते.
* जून ते सप्टेंबर या काळात भूजलपातळी व प्रवाह दोन्ही वाढतात. सक्रिय गोठणाचा काळ पावसाळ्याबाहेर ठेवणे हितावह असते.
* २६ जुलै २००५ रोजी व पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने कल्याण–बदलापूर पट्ट्याला वेढले होते. कूपकाचे तोंड, शीतकरण संयंत्र व जनित्रे पूररेषेच्या वर असणे ही येथे मूलभूत गरज ठरते. संयंत्र पाण्याखाली गेल्यास हिमभिंतीचे वितळणे सुरू होते.
* सागरी चिकणमाती वितळल्यानंतर अधिक बसते. काठावरील जुन्या इमारती व लोहमार्ग यांच्या दृष्टीने हा धोका विशेष महत्त्वाचा आहे.

## पेडणे बोगदा आणि कोकण रेल्वेचा अनुभव

पश्चिम किनाऱ्यावर अस्थिर व जलयुक्त जमिनीतील बोगद्यांचा सर्वांत कठीण अनुभव कोकण रेल्वेला आला. या मार्गावरील बहुतेक बोगदे कठीण खडकात असले, तरी नऊ बोगदे मऊ मातीतून न्यावे लागले. गोव्यातील सुमारे १.५ किमी लांबीचा पेडणे बोगदा त्यांपैकी सर्वाधिक त्रासदायक ठरला. पाण्याने भिजलेली चिकणमाती खोदल्याबरोबर पुन्हा आत येत असे, त्यामुळे काम बव्हंशी हातांनी व अतिशय संथपणे करावे लागले. मऊ मातीतील बोगद्यांसाठी चार वर्षे खर्ची पडली आणि १९ कामगारांनी प्राण गमावले. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला.

बांधकाम पूर्ण झाले तरी पाण्याचा प्रश्न संपत नाही, हेही या बोगद्याने दाखवले. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळून वाहतूक बंद पडली आणि गाड्या पुणे–मिरज–लोंढा मार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी व चिखल आल्याने वाहतूक पुन्हा विस्कळीत झाली. भूगोठण असो वा अन्य कोणतीही तात्पुरती पद्धत, ती केवळ खोदकामाच्या काळापुरते संरक्षण देते. त्यानंतर पाणी रोखण्याची जबाबदारी कायम अस्तर, जलरोधक पडदा व निचरा व्यवस्था यांच्यावर असते.

भारतातील अलीकडचे दुसरे उदाहरण कोलकात्याचे आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी पूर्व–पश्चिम मेट्रोचे खणन यंत्र बऊबाजार भागात जलयुक्त थराला भिडले, पाणी व माती बोगद्यात आली आणि वरची अनेक जुनी घरे कोसळली किंवा निकामी झाली. शेकडो रहिवाशांना घरे सोडावी लागली. गंगेच्या गाळाच्या जमिनीत यंत्राने होणाऱ्या खोदकामालाही पूर्वतयारी व भूजलनियंत्रण टाळता येत नाही, हे या घटनेने स्पष्ट केले.

## पद्धतीची निवड

भूगोठण ही खर्चिक व वेळखाऊ पद्धत असल्याने ती संपूर्ण बोगद्यासाठी क्वचितच वापरली जाते. लांब बोगद्याचा मुख्य भाग दाब संतुलित ठेवणाऱ्या यंत्राने खोदला जातो. जोडबोगदे, यंत्राचा कूपकातून प्रवेश व निर्गमन, स्थानकांचे रुंदीकरण, आणि अडकलेल्या यंत्राची सुटका अशा थोड्या लांबीच्या पण अधिक जोखमीच्या कामांसाठी गोठणाचा विचार होतो. जमीन मोठ्या कणांची व एकसारखी असल्यास ग्राउटिंग स्वस्त पडते. थर मिश्र असतील, पाण्याचा दाब मोठा असेल आणि वर इमारती किंवा रूळ असतील, तर भूगोठणाचा खर्च समर्थनीय ठरतो.

## हे सुद्धा पहा

* पारसिक बोगदा
* ठाणे खाडी
* कोकण रेल्वे
* मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वे
* नवी ऑस्ट्रियन बोगदा पद्धत
* ग्राउटिंग